आई भेग मोजायची

आमच्या घराला तीनच भिंती आहेत, चौथी डोंगराची, असं बा म्हणायचा. अगदी तसं नव्हतं. मागच्या बाजूलाही कारवीचा कूड होता, शेणामातीनं लिंपलेला. पण कूड आणि चढण यांच्यामध्ये एखादी गाय आडवी उभी राहील एवढीच जागा होती. त्या जागेत आमचा झरा होता. उन्हाळ्यात करंगळीएवढा, पावसाळ्यात मनगटाएवढा, पण कधी गढूळ न होणारा. सकाळी जाग यायची ती त्याच्या आवाजानं. मग आईच्या जात्याची घरघर, मग शेळ्यांचं ओरडणं, मग शेजारी म्हातारबाचा खोकला. म्हातारबा खोकला की दिवस उगवला, असं सगळा पाडा धरून चालायचा. त्र्यंबकच्या पुढं हरसूलच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला डोंगरांची जी रांग दिसते, तिच्या पायथ्याला आमचा बिवळपाडा. अकरा घरं. पुढं ओहळ, ओहळापलीकडं माळ, माळावर एका खोलीची शाळा. त्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा लांब होती, ती नंतर झाली. मधली दोन वर्षं मी शेळ्यांमागं होते, आणि हे सगळं त्याच दोन वर्षांतलं आहे.

बा वर्षातले चार-पाच महिने घरी नसायचा. दिवाळी झाली की पाड्यातले बहुतेक गडी खाली द्राक्षांच्या मळ्यांवर मजुरीला जायचे, ते होळीलाच परतायचे. तोवर घर, शेळ्या, म्हातारी माणसं, आजारपणं, सगळं बायकांच्या अंगावर. त्यामुळं आईला कुणाला विचारून काही करायची सवय नव्हती. तिचं नाव हिरा. बुटकी, काटकुळी, बोलायला कमी. ती बसलेली मला फारशी आठवतच नाही. जात्यावर बसायची तेवढीच. नागलीचं पीठ, त्याची काळसर भाकर, वर खुरासणीची चटणी. पावसाळ्यात रानभाजी मिळाली तर कोरड्यास, नाहीतर उडदाचं पातळ कालवण. चुलीवर ओल्या लाकडांचा धूर एवढा व्हायचा की जेवताना डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते रडणं आहे की धूर आहे हे कुणी कुणाला विचारायचं नाही. आज माझ्या सातपूरच्या घरात गॅस आहे, सून भाकरी करते तीही नागलीची, बाजारातून पीठ आणून. मला ती गोड लागत नाही. त्यात सुनेचा दोष नाही. मी चाळीस वर्षं नर्स म्हणून उभी राहून काम केलं, आता बसून खाते, त्याचा तो फरक असावा.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी मी आणि आई डोंगरमाथ्यावर कारवी तोडायला गेलो होतो. माथ्यावर सपाट सडा आहे, त्याच्या कडेला, आमच्या घरांच्या बरोबर वर, आई एकदम थांबली. जमिनीत एक भेग होती. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतातच, मी तिच्यावरून उडी मारून पलीकडं गेले. आईनं दंडाला धरून मला मागं ओढलं. मग ती खाली बसली आणि भेगेत दोन बोटं घातली. दोन बोटं मावली. तिनं काठी घातली, काठी हात-दीड हात आत गेली. भेग कडेकडेनं दूरवर गेलेली होती, झुडपांखालून, कोयतीनं ओढल्यासारखी.

"उन्हाची नाय ही," आई म्हणाली.

आईचं माहेर पेठकडचं. ती लहान असताना तिच्या माहेरच्या डोंगराचा एक तुकडा पावसात खाली आला होता आणि गुरांचा गोठा घेऊन गेला होता. त्याच्या आधी वर अशीच भेग होती, आणि तिच्या आजोबांनी ती पाहिली होती, पण म्हातारा काहीबाही बोलतो म्हणून कुणी ऐकलं नव्हतं. हे तिनं मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मग तिनं भेगेच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक अशा दोन मेखा ठोकल्या. कमरेची सुंभाची दोरी काढून दोन्हींमध्ये ताणली आणि जिथं पुरली तिथं गाठ मारली. त्या दिवसापासून आठवड्यातून एकदा, आणि पाऊस लागल्यावर रोज, आई भेग मोजायची. मी बरोबर असायचे. दोरीचं एक टोक मी धरायचे, भेग वाढली असेल तर आई नवी गाठ मारायची.

ज्येष्ठात भेग तीन बोटं झाली, तेव्हा आई मला घेऊन तालुक्याला गेली. घरात लिहिता येणारी मी एकटीच होते, म्हणून अर्ज मीच लिहिला, दुकानात बसून, दुकानदारानं मायना सांगितला तसा. कचेरीतला साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं आम्हाला बसायला सांगितलं, अर्ज दोनदा वाचला.

"भेग किती रुंद आहे बाई? किती इंच?"

"तीन बोटं."

"बोटात नाही चालत. इंचात सांगा, नाहीतर सेंटिमीटरमध्ये."

आईनं आपली तीन बोटं टेबलावर ठेवली. साहेबानं पट्टी शोधली, ती सापडली नाही. मग तो म्हणाला, पाऊस संपला की माणूस पाठवतो पाहायला. आई म्हणाली, "पाऊस संपल्यावर काय पाहणार?" त्यानं अर्जाची घडी घातली आणि फायलीत सरकवली. पुढं नोकरीत मीही किती जणांना असंच बसवून ठेवलं असेल, "गाडी येईल, औषध येईल" म्हणत. टेबलाच्या त्या बाजूला बसलं की माणूस असाच होतो.

परत आल्यावर आईनं पाड्यातल्या लोकांना सांगितलं. म्हातारबाच्या ओट्यावर सगळे जमले होते. म्हातारबा पाड्यात सगळ्यांत वयानं मोठा, त्याचा शब्द चालायचा. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हिरा, ज्या डोंगराला आपून पुजतो, ज्याच्या नावानं नाचतो, तो आपल्याला गाडंल व्हय?"

"डोंगर काय मुद्दाम करत नाय, बाबा," आई म्हणाली. "त्याचं त्याला बी धरवत नसंल."

लोक हसले. पण आषाढात पाऊस असा लागला की पाच दिवस इरलं उतरलं नाही, आणि एका दिवसात भेग तीन बोटांवरून पाच बोटं झाली. आई वरून उतरली ती घरी आलीच नाही, बाकीच्या दहाही घरांच्या दारात गेली. "उठा, माळावर चला." काय झालं कोण जाणे, तिचा चेहराच तसा असेल, सगळे उठले. म्हातारबासुद्धा. दोन दिवसांत ओहळापलीकडं माळावर सागाच्या पानांचे आणि मेणकापडाचे झाप उभे राहिले. शाळेची खोली बंद होती, गुरुजी कुलूप लावून गेलेले, आणि सरकारी कुलूप तोडायची कुणाची छाती झाली नाही.

चाळीस दिवस आम्ही त्या झापांत राहिलो. खालून पाणी, वरून पाणी. पीठ ओलं, सरपण ओलं, गोधड्यांना बुरशीचा वास. बरीचशी खाचरं पाड्याच्या बाजूला, म्हणून भाताच्या आवणीला, रोपं लावायला, रोज ओहळ ओलांडून जायचं आणि संध्याकाळी ओलांडून यायचं. ओहळ भरला की त्या दिवसाचं काम बुडायचं. रोपं खाचरात पिवळी पडली. आणि डोंगर जिथल्या तिथं. सकाळी ढग उठले की सगळे त्याच्याकडं बघायचे, मग आईकडं बघायचे.

आमच्या शेजारच्या झापात कमळाकाकी होती. तिला आठ महिन्यांची मुलगी, तिचं पहिलं मूल. त्या पोरीला सर्दी झाली, मग छाती भरली. मी आज सांगू शकते की तो न्यूमोनिया होता आणि वेळेवर नेलं असतं तर पोर जगली असती. तेव्हा एवढंच दिसत होतं की तिच्या बरगड्या आत जातायत आणि ती रडायची थांबली आहे. दवाखान्याचा रस्ता ओहळापलीकडून, पाड्यावरून जायचा, आणि ओहळ दुथडी भरून वाहत होता. गंगारामकाका, म्हणजे कमळाकाकीचा नवरा, पोरीला झोळीत घालून दोनदा पाण्यात उतरला. दोन्ही वेळा गड्यांनी त्याला ओढून काढला. दुसऱ्या दिवशी पाणी उतरायच्या आत पोर गेली. तिला माळाच्याच कडेला पुरली.

पंधरा दिवसांनी पाऊस ओसरला. भेग पाच बोटांवर थांबली होती. लोक आपापल्या घरी परतले, कुणी कुणाला चला म्हटलं नाही. झापांची पानं तिथंच कुजली.

आईला उघडपणे कुणी बोललं नाही. गंगारामकाका सोडून. तो एकदा आमच्या अंगणात आला, उभ्यानंच म्हणाला, "तुझ्या बोटांनी माझी पोर खाल्ली, वहिनी," आणि गेला. बा घरातच होता. तो बाहेर आला नाही. आई शेळीला पाला घालायला गेली. त्यानंतर पाणवठ्यावर ती गेली की बायकांचं बोलणं थांबायचं. कुणी भांडायचं नाही, हंडा भरून घ्यायला जागाही द्यायच्या. पण बोलणं थांबायचं. कमळाकाकी मात्र वर्षभर आईकडं सरळ बघत राहिली. तिच्या त्या बघण्याचा अर्थ मला लागत नव्हता आणि भीती वाटायची.

दरवर्षी आषाढात कुठंतरी डोंगर खचल्याची बातमी टीव्हीवर दिसते. ज्याच्या हातात माईक असतो तो हमखास म्हणतो की डोंगरातली माणसं मोठी काटक असतात, स्वतःच्या बळावर उभी राहतात. नोकरीत असताना माझ्या सत्काराला एका पाहुण्यानं हेच शब्द माझ्यासाठी वापरले होते. मी नारळ घेतला आणि खाली बसले. काटक असायला कुणाची ना नाही. पण जो काटक आहे त्याच्याकडं मग कुणी फिरकत नाही. त्याचं तो बघून घेईल असं सगळ्यांना वाटतं, आणि तो बिचारा बघूनही घेतो, एक पावसाळा, दोन पावसाळे. आई किती दमत होती हे मला तेव्हा दिसलं नाही. मला ती फक्त गप्प झाल्यासारखी वाटली.

दुसऱ्या वर्षी पाऊस लागला आणि आईनं डोंगराचं नावही काढलं नाही. करवंदं संपली होती, कारवी तोडून झाली होती, तरी ती सकाळी वर जायची. मला बरोबर येऊ देत नव्हती. एकदा ती झऱ्यावर तोंड धूत असताना मी तिच्या कमरेची दोरी चाचपली. पहिल्या वर्षी चार गाठी होत्या. आता नऊ होत्या, आणि शेवटच्या दोन गाठींमधलं अंतर माझ्या वितीएवढं होतं.

"आई, लोकांना सांग ना."

"नाय."

"मग मी सांगते."

तिनं माझं मनगट धरलं. "तू तोंड उघडू नको, यमुना. पुन्यांदा कुणाचं पोर गेलं तर मला नाय पेलणार. डोंगर पडला तर डोंगराचा दोष. मी सांगून काय झालं तर माझा." आणि मग, जणू स्वतःशीच, "आपलं आपून निघू. दोन दिवस बघते."

मला राग आला होता. आपण एकट्यानं निघायचं आणि बाकीच्यांना तसंच सोडायचं, हे मला तेव्हा पाप वाटलं. आता वाटत नाही. माणसाच्या अंगात धीर एका मापाचाच असतो, तो संपला की संपतो, आणि संपलेल्या माणसाला पापी म्हणू नये, हे मला वॉर्डात काम करून कळलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी आई जात्यावर होती, मी शेजारी नागली पाखडत होते. बा आवणीला गेलेला. दारात अंधार झाला म्हणून वर पाहिलं तर कमळाकाकी. तिला तेव्हा सातवा महिना होता. वर्षात पहिल्यांदा ती आमच्या उंबऱ्यावर आली होती. इरलं बाहेर टेकवून ती आत आली आणि जात्याच्या पलीकडं, आईच्या समोर, कशीबशी खाली बसली.

"किती झालं?"

आईनं जातं थांबवलं नाही.

"हिराबाय, किती झालं म्हणते मी."

"कशाचं?"

"रोज वर जाते तू. बघते मी. दोरी कमरेलाच हाय तुझ्या."

जातं थांबलं. आई पिठाकडं बघत म्हणाली, "मला नको इचारू, कमळा. मी नाय सांगणार. गेल्या साली सांगितलं, त्याचं काय झालं ते तुला ठावं हाय."

"मला ठावं हाय, म्हणूनच आले." कमळाकाकीचा आवाज चढला नाही. "तू नको सांगू. पर मी इचारते हाय ना? माझ्या तोंडानं इचारलं मी. आता पुढं जे होईल ते माझ्यावर. तुझ्यावर नाय."

बाहेर पागोळ्यांचा आवाज होता, मागं झऱ्याचा. आईनं पिठानं माखलेला हात जात्याच्या पाळीवर ठेवला, बोटं ताणली, वीत मोजली. हात उचलून पुढं ठेवला आणि पुन्हा एक वीत मोजली. पिठाचे दोन ठसे दगडावर उमटले. कमळाकाकीनं ते बघितले. जमिनीला हात टेकून ती उठली.

"गेल्या सालावाणी झापात नाय जायाचं," ती म्हणाली. "शाळेचं कुलूप मी तोडते. साहेब आला तर माझं नाव सांगा. आणि आधी ओहळावर दोर बांधायचा, मगच माणसं हलवायची."

आई उठली. रडली वगैरे नाही. पिठाचं टोपलं झाकलं आणि म्हणाली, "दोन खोडं बी टाकू. सागाची. दोर धरून वरनं चालता आलं पायजे."

आणि त्या दोघींनी ते केलं. आवणीवरून गडी परतले तेव्हा कमळाकाकी शाळेच्या पायरीवर बसलेली होती आणि कुलूप तिच्या मांडीवर होतं. गंगारामकाका तिच्याजवळ गेला. काय बोलले कुणाला ऐकू आलं नाही. मग तो आमच्याकडं आला, आईकडं न बघता माझ्या बाला म्हणाला, "दादा, कुऱ्हाड घे." दोघांनी खोडं पाडली, ओहळावर आडवी टाकली, दोन्ही काठांच्या झाडांना दोर बांधला. दुसऱ्या दिवसभर आम्ही वाहतूक केली. या वेळी आधी कोरडं सरपण, मग कणग्यांमधलं धान्य, मग लेकरं आणि म्हाताऱ्या. शाळेच्या खोलीत एका कोपऱ्यात चूल मांडली आणि ती विझू द्यायची नाही असं ठरलं. फळ्यावर गुरुजींनी लिहिलेला सुविचार तसाच होता, त्याच्याखाली ओली लुगडी वाळत होती.

नऊ घरं आली. एक घर नाशिकला गेलेलं होतं, बंदच होतं. म्हातारबा तेवढा आला नाही. "मागल्या साली ऐकलं तुमचं. आता मला उचलून न्या, नायतर ऱ्हाऊ द्या," म्हणाला आणि ओट्यावर पाय पसरून बसला. त्याचा मुलगा रामजी, साधा माणूस, बापाला एकटा कसा सोडू म्हणून तोही थांबला. बायको-पोरांना त्यानं आमच्याबरोबर धाडलं. रामजी चांगली बासरी वाजवायचा. शाळेत बसून आम्हाला पलीकडून ती ऐकू यायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी पावसाला जरा उघडीप होती. मी पाणी आणायला खोडांवरून पाड्यात आले, कारण ओहळाचं पाणी गढूळ आणि आमचा झरा स्वच्छ. घरामागं गेले तर झरा लाल. विटा कालवल्यासारखा लाल, आणि मनगटाएवढा असायचा तो मांडीएवढा झालेला. हंडा तिथंच टाकून मी पळाले. खोडांवर पोचायच्या आतच ओरडायला लागले. आईला एवढंच सांगायचं होतं की झरा लाल झालाय, पण तोंडातून नुसती हाक निघत होती. मी खोडं ओलांडली तोवर काठावर आई आली, गंगारामकाका आला. शेवटी कसंबसं 'झरा लाल' एवढं निघालं. आईनं ते ऐकलं मात्र, आणि ती काकाकडं वळली. वर्षभरात त्या दोघांत शब्द नव्हता.

"म्हातारा," ती म्हणाली.

काका खोडांवरून पळत गेला. मला आईनं धरून ठेवलं होतं, दंडावर तिची बोटं उमटली होती, पुढं आठ दिवस दिसत होती. आम्हाला पलीकडचं सगळं दिसत होतं. काकानं म्हातारबाला पोत्यासारखा पाठीवर घेतला. म्हातारबा त्याच्या डोक्यावर मारत होता, शिव्या देत होता. रामजी त्यांच्यामागं निघाला, चार पावलं आला. मग त्याला बैलांची आठवण झाली असणार. तो वळून गोठ्यात शिरला.

गडगडाट वगैरे झाला नाही. लोक तसं लिहितात, पण मी ऐकलं ते वेगळं होतं. आधी वरची झाडं हलली, वारा नसताना. मग कापड फाटतं तसा लांबलचक आवाज, आणि डोंगराची ती बाजू उभीच्या उभी खाली बसली. मग ती पुढं सरकली. घाई नसल्यासारखी. आमचं घर मी जाताना पाहिलं. छप्पर थोडा वेळ चिखलावर तरंगलं आणि मग दिसेनासं झालं. काका खोडांवर मधोमध होता. तो खाली बसला आणि दोराला मिठी मारली, म्हातारबा त्याच्या गळ्याला. चिखल ओहळाच्या काठापर्यंत आला आणि थांबला. काकाच्या मागं दहा पावलांवर.

सात घरं गेली. रामजी गेला. त्याला आणि बैलांना तिसऱ्या दिवशी काढलं, पाड्यातल्याच गड्यांनी, फावड्यांनी आणि हातांनी. तोवर बाहेरचं कुणी पोचलेलं नव्हतं. म्हातारबा पुढं चार वर्षं जगला. सकाळी खोकायचा, पण ओट्यावर जमलेल्या माणसांत पुन्हा बोलला नाही. एवढंच एकदा माझ्या देखत गंगारामकाकाला म्हणाला, "मला कशाला आणला रे?" कमळाकाकीला भाद्रपदात त्याच शाळेच्या खोलीत मुलगा झाला. तो आता त्र्यंबकच्या रस्त्याला जीप चालवतो, मला ताई म्हणतो. नव्या जागा मिळायला आम्हाला पुढं कितीतरी पावसाळे लागले, त्याबद्दल मी इथं लिहीत नाही. लिहायला बसले की थकवा येतो.

रामजीला अग्नी दिला त्या दिवशी दुपारी आई शाळेच्या पडवीत फरशीवर आडवी झाली आणि तिला झोप लागली. अंगावर काही नाही, डोक्याखाली स्वतःचा हात. मी तिला कधी दिवसा झोपलेली पाहिली नव्हती. मी घाबरून तिच्या नाकासमोर बोट धरलं. ती संध्याकाळी उठली नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. कमळाकाकीनं तिच्यावर गोधडी घातली आणि माश्या वारत शेजारी बसून राहिली. त्या सकाळी चिखलापलीकडं गाड्या थांबल्या आणि माणसं खोडांवरून चालत आली. साहेब, कॅमेरेवाले, टोपीवाले. एकानं विचारलं, भेग आधी कुणी बघितली होती? कुणी तरी पडवीकडं बोट दाखवलं.

"ती झोपली हाय," कमळाकाकी म्हणाली.

"जरा उठवा ना बाई. दोन मिनिटांचं काम आहे."

"नाय उठवणार."

"आम्ही लांबून आलोय हो."

"ती बी लांबनंच आली हाय," काकी म्हणाली. पोटावर हात ठेवून ती पडवीच्या पायरीवर अशी बसली की तिला ओलांडल्याशिवाय वर चढता येऊ नये. गंगारामकाका येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. माणसं थोडी थांबली, चिखलाचे फोटो काढले आणि गेली.

आई उठली तेव्हा दिवस कलला होता. मी तिला आंबील दिली, ती तिनं उभ्यानं प्यायली आणि बाहेर बघितलं. पाऊस बारीक पडत होता.

"रोपं किती राहिली?"

ओहळाच्या अलीकडची, माळाकडची थोडी खाचरं वाचली होती, पण पाच दिवस तिकडं कुणी गेलं नव्हतं. रोपं उपटलेल्या जुड्या बांधावर तशाच पडल्या होत्या. मी तसं सांगितलं.

"चल मग," ती म्हणाली. "कुजून जातील."

ती उतरली, तिच्यामागं मी, मग बा, मग एकेक करत सगळेच. कमळाकाकी बांधावर बसून जुड्या हातात द्यायला लागली. कुणाच्या खाचरात आधी उतरायचं यावर दरवर्षी थोडी बोलाचाली व्हायची. त्या दिवशी झाली नाही. आईनं लुगडं खोचलं आणि रामजीच्या खाचरात पाय घातला. अंधार पडायच्या आत ते लावून झालं.